खापर मेंढक्याच्या माथी

पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा होता आणि त्यावर माणदेशातून निघून सह्याद्री ओलांडत कोकणात उतरणारा एक लाल पट्टा. परिसंवाद तालुक्याच्या ठिकाणचा, विषय शेळ्या-मेंढ्यांच्या साथींचा, आणि बोलणारे गृहस्थ अभ्यासू. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पीपीआरच्या साथींच्या नोंदी आणि धनगरांच्या स्थलांतराच्या वाटा एकावर एक ठेवल्या की जुळतात, म्हणजे रोग कळपाबरोबर चालतो. तेव्हा जोखमीच्या महिन्यांत वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते कळप, तालुक्याच्या वेशीवर अडवावेत, दाखल्याशिवाय घाट उतरू देऊ नये, आणि पुढेमागे ही भटकंतीच बंद करावी. सभागृहात माना डोलल्या. माझ्या शेजारचा तरुण डॉक्टर वहीत लिहून घेत होता. चहाच्या वेळी मी दोन वाक्यं बोललो, पण चहाच्या वेळी बोललेलं बिस्किटाबरोबर विरघळतं. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तालुक्याच्या दवाखान्यात जनावरं तपासण्यात माझी हयात गेली, आणि नकाशांशी माझं वैर नाही. बंगळूरची ‘निवेदी’ ही संस्था जनावरांच्या रोगांचे जिल्हावार इशारे दोन महिने आधी देते, आणि काही रोगांच्या बाबतीत त्यांचा खरोखर उपयोग होतो. नीलजिव्हा घ्या. तो चिलटांमुळे पसरतो, चिलटांना ओल लागते, ओल पावसावर अवलंबून. पाऊस कुठे आणि किती हे कळलं की रोग कुठे उठेल याचा अंदाज बांधता येतो. तिथे हवामानाचा नकाशा हाच बराचसा रोगाचा नकाशा असतो.

पीपीआरचं तसं नाही. हा गोवराचा आणि गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. 1942 साली आयव्हरी कोस्टमध्ये त्याची पहिली नोंद झाली, आपल्या देशात 1987 साली तमिळनाडूतल्या अरसूर गावात. ताप येतो, नाक-डोळे वाहतात, तोंडात फोड येतात, मग हगवण, मग न्यूमोनिया. कधीच लागण न झालेल्या, लस न टोचलेल्या कळपात शिरला तर दहातली आठ जनावरंही नेतो. पण त्याची एक मोठी दुबळी बाजू आहे. अंगाबाहेर तो फार काळ तगत नाही. चिलटाच्या पाठीवर बसून तो येत नाही, गवतात महिनोन्‌महिने दबा धरत नाही. आजारी जनावराचा श्वास, शेंबूड, लेंडी निरोगी जनावरापर्यंत जवळून पोचावी लागते. म्हणजे याच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच: कोणतं जनावर कोणत्या जनावराला, कुठे आणि किती वेळ खेटलं?

पडद्यावरच्या नकाशात याचं उत्तर नव्हतं. त्यात काय होतं ते मी सांगतो, कारण तसल्या नकाशाचा कच्चा माल मी स्वतः पुरवलेला आहे.

दवाखान्याच्या नोंदवहीत रोगाच्या नावाचा एक रकाना असतो. पीपीआर लिहायचं तर नमुना हवा. नाकातला स्राव कापसाच्या बोळ्यावर घ्यायचा, बर्फात ठेवायचा आणि पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पोचवायचा. बर्फ मिळायचा तो बाजारपेठेतल्या आइसक्रीमवाल्याकडे, तोही उन्हाळ्यात. शिपाई एक, एसटी दोन. त्यामुळे दहा वेळा डोळ्यांसमोर पीपीआर दिसत असताना मी ‘न्यूमोनिया’ नाहीतर ‘हगवण’ लिहून मोकळा झालोय. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही, अक्षर माझंच आहे. ज्या दोन-चार वेळी नमुना गेला आणि अहवाल आला, त्याच वेळी माझा तालुका नकाशावर लाल झाला. शेजारच्या तालुक्यात तेव्हा डॉक्टरांची जागाच रिकामी होती. तो अगदी हिरवागार.

आता हे नमुने कधी जायचे? मोठी मर झाली तरच. आणि मोठी मर लोकांच्या डोळ्यांवर केव्हा येते? अडीचशे मेंढरांच्या वाड्यातली साठ मेंढरं रस्त्याकडेला मरून पडली की. गावात तीन घरी दोन-दोन शेळ्या गेल्या तर कोण दवाखान्यात येतं? बाई रडते, शेळी पुरते आणि पुढच्या बाजाराची वाट पाहते. म्हणजे गावातला रोग नोंदवहीत शिरतच नाही आणि वाड्यातला शिरतो. मग तो नकाशा वाड्याच्या वाटेवर लाल होणार नाही तर कुठे होणार?

दुसरी अडचण जिल्हा नावाच्या चौकटीची. सातारा जिल्ह्याला एकच रंग दिला जातो. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुका आहे, जिथे पाचशे मिलिमीटर पडला तर लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. मेंढरं माण-खटाव-फलटणला, रंग मात्र अख्ख्या जिल्ह्याला. शिवाय ही मेंढरं ऑगस्टात माणात असतात आणि फेब्रुवारीत कोकणात. मग जोखमीचा टक्का काढताना छेदाच्या जागी मेंढरांचा कोणता आकडा धरला? 2019च्या पशुगणनेत देशात 7 कोटी 43 लाख मेंढ्या आणि 14 कोटी 89 लाख शेळ्या मोजल्या गेल्या. पण त्यातल्या फिरत्या कळपांची वेगळी मोजदाद त्या गणनेत नव्हती. ती सुरू झाली एकविसाव्या गणनेपासून, म्हणजे 2024च्या ऑक्टोबर अखेरीस. (मोजणीदार गावात आणि वाडे दिवाळी करून निघायच्या बेतात. सरकारी मुहूर्ताचं मला नेहमी कौतुक वाटतं.) ज्यांची संख्याच ठाऊक नव्हती, त्यांची जोखीम टक्क्यांत काढून पडद्यावर रंगवायची, याला धाडस म्हणतात.

पण समजा नोंदी अचूक आहेत, संख्या अचूक आहे, आणि तरीही वाट व साथ जुळतात. तरी वाडा रोग वाहतो हे सिद्ध होतं का?

वाडा कसा असतो ते पाहा. चार-पाच घरांची मेंढरं, पुढे घोड्यांवर संसार, कोंबड्या आणि लहान पोरंही घोड्यावरच. रात्री एखाद्याच्या शेतात वाघूर, म्हणजे जाळं, लावून मेंढरं बसवायची, सकाळी लेंडीखत शेतकऱ्याला ठेवून पुढे जायचं. कोकणातले शेतकरी या खताची वाट पाहतात, त्याचे धान्य किंवा पैसे मोजतात. वाटेत दुसऱ्याचं जनावर आपल्या कळपात शिरू न देणं ही तर मेंढक्याची जन्मभराची दक्षता, कारण शिरलेल्या जनावरावरून भांडण ठरलेलं. थोडक्यात, फिरत असला तरी वाडा हा बंद कळप आहे.

आणि बंद कळपात पीपीआरचं काय होतं? लागण झाल्यावर साधारण चार ते सहा दिवसांत जनावर आजारी पडतं. पुढे मरतं किंवा बरं होतं. बरं झालेलं जनावर रोग अंगात लपवून फिरत नाही आणि त्याला पुन्हा हा रोग होत नाही. म्हणजे अडीचशेच्या वाड्यात शिरलेला विषाणू काही आठवड्यांत जाळायचं ते जाळतो आणि लाकूड संपलं की विझतो. मेंढक्याचं कंबरडं मोडतं हे खरं. पण विषाणूला वर्षभर जिवंत राहायचं असेल तर अशा घरात त्याचं भागत नाही. त्याला रोज नवी, न भेटलेली जनावरं हवीत. ती कुठे मिळतात?

आठवडी बाजारात.

पहाटे पाचला जाऊन उभे राहा. चाकणला राहा, लोणंदला राहा, आटपाडीला राहा, चित्र तेच. पिकअप आणि छोटे हत्ती उलटे लावलेले, फळ्या टाकून शेळ्या उतरवायचं काम चाललेलं. एका गाडीत पाच गावांची जनावरं, गळ्यातली दावी एकमेकांत गुंतलेली. रुमालाखाली बोटं धरून सौदे होतात. एकदा मी एका कडेला उभा राहून पाहत होतो. एका माणसाच्या बोकडाचं नाक वाहत होतं. गिऱ्हाईक दिसलं की तो खांद्यावरच्या पंचानं बोकडाचं नाक पुसायचा, गिऱ्हाईक दात बघून पुढे गेलं की पंचा परत खांद्यावर. मग शेजारच्या करडाचंही नाक त्याच पंचानं पुसलं, कारण तेही आता सौद्यात आलं होतं. तासाभरात चौघांनी त्या बोकडाचा जबडा उघडून पाहिला आणि त्याच बोटांनी पुढच्या जनावरांचे जबडे उघडले. बोकड विकला गेला. करडू विकलं नाही, ते माघारी गेलं.

साथीच्या दृष्टीनं या दृश्यात मला सर्वांत भीती वाटते ती त्या माघारी गेलेल्या करडाची. विकला गेलेला बोकड बहुधा खाटकाकडे जातो आणि तिथे साखळी तुटते. पण भाव आला नाही म्हणून घरी परतलेलं जनावर दिसायला धडधाकट असतं. पाचव्या दिवशी ते आजारी पडतं, तोवर गोठ्यातल्या सगळ्यांशी त्याची गाठ पडलेली असते. तीच गोष्ट व्यापाऱ्याच्या उरलेल्या मालाची. आज या बाजारात नाही खपला, परवा पुढच्या बाजारात. चार दिवसांत तीन तालुके. वाड्याला तेवढं अंतर कापायला पंधरवडा लागतो, आणि तोही स्वतःचीच मेंढरं घेऊन. बकरी ईदच्या आधी तर देवनारला राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून ट्रकच्या ट्रक येतात, लाखाच्या वर बोकड एका आवारात उभे राहतात. त्या रस्त्यांवर कुणी लाल पट्टा ओढलेला मी पाहिला नाही. आणखी एक वाट आहे, तिचं नाव घ्यायला सभागृहात सगळेच कचरतात: सरकारी योजनेत गटाला वाटलेल्या शेळ्या. दहा शेळ्या आणि एक बोकड, लांबच्या बाजारातून खरेदी, टेम्पोत कोंबून दिवसभराचा प्रवास, फोटो, हार, आणि आठवड्यानं दवाखान्यात फोन. असे फोन मी घेतलेत.

2024च्या जुलैत हा रोग रोमानियात आणि ग्रीसमध्ये उठला. ग्रीसनं काय केलं? देशभर शेळ्या-मेंढ्यांची वाहतूक बंद केली. आपल्याकडेही 2022मध्ये लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले होतेच. (त्या वेळी गाईंना टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. शेळीचे उपकार आपण मोजत नाही.) 2009च्या जनावरांच्या साथरोग कायद्यात नियंत्रित क्षेत्र जाहीर करून बाजार-जत्रा थांबवण्याची सोय आहे. मग शेळ्या-मेंढ्यांची वेळ आली की बोट बाजाराकडे न जाता घाटाकडे का जातं? माझं उत्तर कडू आहे. बाजाराला बाजार समिती आहे, तिला निवडणूक आहे, व्यापाऱ्यांची संघटना आहे. वाड्याला घोडा आहे.

आता उलट बाजू. वाडा कधीच रोग नेत नाही असं मी म्हणत नाही. तसं म्हणालो तर मी त्या वक्त्यांसारखाच ठरेन, फक्त रंग उलटा. एका पौषात मी पाझर तलावाखाली उतरलेल्या एका वाड्यावर गेलो होतो. नऊ कोकरं मेलेली, पंधरावीस खाली माना घालून उभी, ओठांना कोंडा चिकटावा तशी खपली. कारभारीण म्हातारी होती. मी विचारलं, “मावशी, बाहेरचं जनावर आलं का कुठलं?”

“इकत काय बी आनलं न्हाई, डाक्टर. घरचाच बोकूड बाजारला न्हेला हुता. भाव आला न्हाई, मागारी आनला.”

“किती दिवस झाले?”

तिनं बोटांवर बाजार मोजले. बारा दिवस.

“पैल्यांदा त्योच शेंबडला,” ती म्हणाली, “मग त्येच्या अंगाला झोपनारी कोकरं.”

लागण कुठे झाली, पहिलं जनावर कोणतं, मधे किती दिवस गेले, पुढे कुणाला लागली, सगळं चार वाक्यांत. माझ्या नोंदवहीत मात्र त्या दिवशीची नोंद आहे ती पाझर तलावाच्या गावाची. नकाशावर ठिपका पडला तो तिथे, वाड्याच्या वाटेवर. बाजाराचं गाव तीस किलोमीटर मागे राहिलं. तो वाडा पुढे सरकला असता तर पुढच्या गावातल्या शेळ्यांना त्यानं लागण दिलीही असती. पाणवठ्यावर, बांधावर गाठ पडते. हे मी मान्य करतो. पण त्यावर उपाय म्हणून वेशीवर नाका उभा करणाऱ्यांनी जरा डोळ्यांसमोर आणावं. नाक्यावर पाच वाडे थांबलेत, दाखला देणारे साहेब सोमवारी येणार, पाणी एकाच ठिकाणी आहे. रोज मैलामैलाच्या अंतरानं चालणारी हजार-बाराशे मेंढरं तुम्ही एका डबक्यावर आणून उभी केलीत. म्हणजे जिथे बाजार नव्हता तिथे बाजार भरवलात.

शिवाय एकदा का लाल रंगाचा अर्थ ‘अडवणूक’ असा झाला की पुढच्या वर्षी त्या म्हातारीनं मला फोन करावाच का? ती मेलेली कोकरं गुपचूप पुरेल आणि पहाटे तळ हलवील. तीन वर्षांत तो पट्टा फिका होत हिरवा होईल, परिसंवादात टाळ्या पडतील, आणि विषाणू जिथे आहे तिथेच असेल.

या रोगाच्या थोरल्या भावाचं काय झालं हे पाहिलं तर पुष्कळ कळतं. बुळकांडी 2011 साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसराच रोग. भारतातली शेवटची साथ 1995ची. आफ्रिकेत मात्र रोग शेवटी दडून बसला होता तो गुराख्यांच्या मुलखात, जिथे रस्ते नव्हते, दवाखाने नव्हते, आणि तिथल्या लोकांवरही ‘हेच रोग पसरवतात’ असा ठपका होताच. तिथे जेफ्री मरिनर, पीटर रोडर या पशुवैद्यकांनी एक साधी गोष्ट केली. गुराख्यांपाशी बसून त्यांना विचारलं: तुमच्या भाषेत या रोगाला काय म्हणता, शेवटचा कधी पाहिला, कुठे पाहिला? उष्णता सोसणारी लस आधीच तयार झाली होती. ती टोचायला त्यांच्यातलीच माणसं शिकवून तयार केली. ज्यांना अडवायची भाषा होती त्यांच्याच मदतीनं रोगाचे शेवटचे अड्डे सापडले. पीपीआर 2030पर्यंत संपवायचा असं 2015 साली आबिजानच्या परिषदेत ठरलं, आणि त्या ठरावामागे बुळकांडीचाच अनुभव होता.

आपल्याकडे लस आहे, उत्तम आहे. मुक्तेश्वरला तयार झालेली सुंगरी-96. कातडीखाली एक मिली, एकदा टोचली की किमान तीन वर्षं काळजी नाही. कोकरू तीन-चार महिन्यांचं झालं की टोचायचं. त्याआधी आईच्या चिकातलं संरक्षण अंगात असतं, लस वाया जाते. अडचण फक्त लस टोचायच्या रीतीत आहे, आणि ती अशी की शंभर मात्रांची कुपी एकदा मिसळली की बर्फावर ठेवून तासा-दोन तासांत संपवावी लागते. गावात घरोघरी फिरून दोन-दोन शेळ्या धरायच्या तर अर्धी कुपी टाकून द्यायची पाळी येते. मी टाकलेल्या आहेत. वाड्यावर मात्र वाघुरीच्या तोंडाशी उभं राहायचं, दोन पोरांनी मेंढरू धरायचं, एकानं टोचायचं, एकानं पाठीवर रंगाचं बोट ओढायचं. अडीचशे मेंढरं सकाळच्या चहाआधी होतात. लसीकरणाचं ज्याला काम करायचंय त्याच्यासाठी वाड्यासारखं सोयीचं गिऱ्हाईक नाही. आश्विनात, तळ हलण्याआधी, वाडा स्वतःच्या गावच्या माळावर असतो. तेव्हा जा. वाटेत जन्मलेल्या कोकरांसाठी उन्हाळ्यात कोकणातल्या तळांवर जा. हा कार्यक्रम आखायला वाटांचा नकाशा लागेल, आणि त्या कामासाठी मी तो स्वतः बसून काढून देईन.

राहिला खरा जोखमीचा नकाशा, म्हणजे बाजारांचा. त्या दिवशी वक्ते म्हणाले होते की बाजारातल्या हालचालींची माहितीच उपलब्ध नाही. हे मात्र मला पटत नाही. बाजारात सौदा झाला की पावती फाडली जाते. विकणारा, त्याचं गाव, घेणारा, त्याचं गाव, नग किती. एक प्रत गिऱ्हाइकाला, कार्बनची प्रत पुस्तकात. निवृत्त झाल्यावर एका लहानशा बाजाराची एका दिवसाची पुस्तकं मी कारकुनाला चहा पाजून बघायला मागितली होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधे बाजाराचं नाव लिहिलं आणि पावतीगणिक गावाकडे रेघ ओढत गेलो. दुपारपर्यंत कागदावर कोळ्याचं जाळं झालं. तीन रेघा दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या. एका व्यापाऱ्याचं नाव विकणाऱ्यांतही होतं आणि घेणाऱ्यांतही. न विकता माघारी गेलेल्यांची पावती नसते, तेवढी मात्र दारावर माणूस बसवून मोजावी लागतील.

कॅलेंडर माझ्याकडे आहे. पुस्तकं त्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लाकडी कपाटात आहेत. कपाटाला वाळवी लागलेली मी पाहिली आहे, तेव्हा हवी असल्यास वक्त्यांनी पावसाळ्याआधी नेलेली बरी.